सप्टेंबरचा मे करणारं यंत्र

जुळे सोलापुरातल्या माझ्या मावशीने कपडे वाळवायचं यंत्र घेतलं, तेव्हा तिच्या भिशीतल्या बायका आधी हसल्या आणि मग एकेक करून बघायला आल्या. हसणं रास्तच होतं. मे महिन्यात इथं गच्चीवर साडी पसरून खाली यावं, चहा टाकावा, आणि कप विसळून परत वर जावं तर साडी खडखडीत वाळलेली असते. पारा बेचाळिशीच्या पुढे सरकला तरी कुणी भुवई उंचावत नाही. ज्या गावाने भाकरीतलं पाणी उडवून कडक भाकरी केली आणि ती शेंगाचटणीसोबत पुण्या-मुंबईला पाठवली, त्या गावात वाळवणासाठी वीज जाळायची म्हणजे जरा अतीच.

पण मावशीचा हिशेब वेगळा होता. सोलापूरच्या नळाला पाणी रोज येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, कधी त्याहून उशिरा. पाणी आलं की टाक्या, पिंपं, घागरी भरायच्या आणि साठलेलं सगळं धुणं त्याच दिवशी काढायचं. म्हणजे धुणं चार दिवसांचं आणि दोरी मात्र एकच. त्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, गच्चीची किल्ली सोसायटीच्या चेअरमनकडे आणि काकांचे गुडघे. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. सोलापूरचा पाऊस जून-जुलैत हुलकावण्या देतो आणि सप्टेंबरात परतीच्या वाटेवर असताना पडतो. वर्षातला सर्वांत ओला महिना आमच्याकडे सप्टेंबर. नेमकं त्याच सुमारास, घट बसायच्या आधी, घरातली पांघरुणं, चादरी, पडदे, अभ्रे सगळं धुऊन काढायची चाल आहे. धुणं वर्षातलं सर्वांत मोठं आणि हवा वर्षातली सर्वांत दमट, असा हा मुहूर्त.

यंत्र बिघडलं ते याच मुहूर्तावर. मावशीचा फोन आला, "ड्रम फिरायलाय बघ, पण तापंना झालंय."

बिघाडाचं इतकं नेमकं वर्णन क्वचित ऐकायला मिळतं. ड्रायरचे सगळे आजार दोनच वाक्यांत बसतात: फिरेना झालंय, किंवा तापेना झालंय. पहिला आजार मोटरचा, पट्ट्याचा, दरवाज्याच्या स्विचचा. तो दिसतो आणि ऐकूही येतो. दुसरा गप्प असतो. आत सगळं गरगर फिरतंय, आवाज नेहमीचा, दिवे नेहमीचे, आणि तासाभराने दार उघडावं तर चादर जशीच्या तशी ओली.

हा आजार समजायचा तर यंत्र नेमकं काय करतं ते आधी पाहिलं पाहिजे. आपण म्हणतो, उन्हात कपडे वाळतात. खरं तर वाळवते ती हवा. ऊन फक्त हवेची भूक वाढवतं. मे महिन्यातली सोलापूरची दुपार घ्या: तापमान ४२ अंश, आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास. अशा एका घनमीटर हवेत आणखी सुमारे ४५ ग्रॅम वाफ मावते. आता सप्टेंबरातला झिमझिम पावसाचा दिवस घ्या: २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. तेवढ्याच हवेत जेमतेम ५ ग्रॅमची जागा उरलेली असते. दोरी तीच, चादर तीच, पण हवेची भूक आठ-नऊ पटींनी मेलेली. हीच सप्टेंबरची हवा ६५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता ८० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर उतरते. तिच्यातून एक थेंब पाणी काढलेलं नाही, तरी ती मे महिन्यातल्या हवेपेक्षा कोरडी वागू लागते. ड्रायर म्हणजे एवढंच. सप्टेंबरचा मे करणारं यंत्र. एक पंखा हवा ओढतो, ती तापलेल्या तारेवरून ड्रममध्ये जाते, लोळणाऱ्या कपड्यांतलं पाणी उचलते, जाळीतून गाळली जाते आणि मागच्या चार इंची नळीने बाहेर पडते.

या कामाला किती वीज लागते याचा हिशेब सरळ आहे. सात किलो सुती कपडे धुऊन, पिळून निघाले की त्यांत चार लिटरच्या वर पाणी उरतं. एक लिटर पाणी उडवायला पाऊण युनिटच्या जरा आत ऊर्जा लागते, आणि यात निसर्ग सवलत देत नाही. म्हणजे निव्वळ वाफेलाच तीन युनिट, आणि यंत्राचं तापणं, हवेबरोबर वाया जाणारी धग धरून चार किंवा त्याहून थोडं जास्त. शहराबाहेर फताटेवाडीला १,३२० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प आहे. तिथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेवर वीज करायची, ती तारांतून घरात आणायची आणि तिने टॉवेलातल्या पाण्याची पुन्हा वाफ करायची. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो याहून वेगळा नसावा. म्हणून एक सल्ला आधीच देऊन टाकतो: धुण्याच्या यंत्रात जेवढं कडक पिळता येईल तेवढं पिळा. पिळून काढलेलं पाणी उडवून काढलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

यंत्राचा जन्म अर्थातच थंड मुलखातला. ओहायो राज्यातल्या डेटन गावच्या जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाने १८९२ साली चुलीच्या धगीवर कपडे वाळवणाऱ्या चौकटीचं पेटंट घेतलं. पुढे नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर यांनी, आईला बर्फात कडकडीत गोठलेले कपडे दोरीवरून काढावे लागतात हे पाहून, फिरणाऱ्या पिंपाचं यंत्र रचलं. १९३८ साली विस्कॉन्सिनमधल्या हॅमिल्टन कंपनीने ते बाजारात आणलं, त्याचं नाव ठेवलं 'जून डे'. तिकडे जून म्हणजे निरभ्र उन्हाचा महिना. आपल्याकडे त्याच यंत्राला 'मे डे' म्हणावं लागलं असतं, आणि गिरणगाव सोलापुरात त्याचा अर्थ भलताच झाला असता. ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने या यंत्राच्या दाराला काच बसवायला लावली आणि दुकानात आत रंगीबेरंगी चड्ड्या फिरत ठेवा म्हणून सांगितलं, अशी गोष्ट सांगतात. भिशीतल्या बायका बघायला आल्या तेव्हा मावशीने साधारण तेच केलं होतं, फक्त आत पडदे होते.

तर यंत्र तापेना झालं. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर पलीकडच्या मुलाने यंत्र न बघताच निदान केलं: "हिटर गेला असेल, बदलावा लागेल." मावशीची मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या सोसायटीत बाहेर दोरी बांधायलाच मनाई आहे, त्यामुळे ड्रायर या विषयावर तिचा अधिकार मोठा. तिने व्हिडिओ कॉलवर ठासून सांगितलं, "आई, ब्रेकर बघ." तिचं चुकलं नव्हतं, फक्त देश चुकला होता. अमेरिकेतल्या ड्रायरला दोन जिवंत तारा येतात. मोटर चालते १२० व्होल्टवर आणि हिटर दोन तारांमधल्या २४० वर. दोनांपैकी मोटर ज्या तारेवर नाही ती तुटली, तर ड्रम मजेत फिरतो आणि धग शून्य. म्हणून तिकडे हा आजार दिसला की पहिली नजर ब्रेकरकडे जाते. आपल्याकडे एकच फेज, एकच प्लग. तो गेला तर सगळंच बंद.

आपल्या विजेचं दुखणं वेगळं, आणि ते ब्रेकरमध्ये दिसत नाही. ते म्हणजे कमी दाब. हिटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, सरळ प्रमाणात नाही. २३० चे २०० व्होल्ट झाले, तर धग तीन चतुर्थांशावर येते. १८० झाले, तर ६१ टक्के. मोटर अशा वेळी जरा कण्हत का होईना, फिरत राहते. त्यामुळे तासाभराचं काम दीड तासाच्या पुढे जातं आणि आपण यंत्राला शिव्या देतो. संध्याकाळी सात वाजता न तापणारं यंत्र रात्री अकरा वाजता नीट तापत असेल, तर दोष यंत्राचा नसून गल्लीतल्या डीपीचा आहे. दुसरी जागा म्हणजे भिंतीतला सोळा अँपिअरचा सॉकेट. दोन हजार वॉटचा हिटर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, तेही तासभर सलग. सॉकेटची पकड सैल असेल तर पिन काळी पडते, प्लॅस्टिक पिवळं होतं. एक्स्टेन्शन बोर्डावर ड्रायर लावणाऱ्यांबद्दल काय बोलावं? मोबाइल चार्ज करायची वायर नांगराला जुंपण्यातला प्रकार तो.

शेवटी काकांनी शहराच्या पूर्व भागातल्या एका मिस्त्रींना बोलावलं. साठीच्या पुढचे, घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

अण्णांबद्दल लिहायच्या आधी त्या कारखान्याबद्दल लिहिलं पाहिजे, कारण ड्रायर ही वस्तू सोलापूरला खरी ओळखीची आहे ती तिथूनच. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली, तिला लोक आजही जुनी मिल म्हणतात, मिल राहिली नाही तरी. गिरण्यांच्या जोडीने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे माग पूर्व भागात खडखडू लागले. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, माग मात्र राहिले. आज भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्ही या मागांचंच लेणं. चादरीला विणल्यावर ओलं करायची फारशी गरज पडत नाही, तिचं सूत आधीच रंगवून, वाळवून आलेलं असतं. टॉवेलची गोष्ट निराळी. त्याच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात, एक घट्ट आणि एक सैल. फणी दोन-तीन धागे मुद्दाम अर्ध्यावर ठोकते आणि मग एकदम पुढे रेटते. त्या रेट्यात सैल ताण्याचे दोरे वर उचलले जाऊन वेटोळी तयार होतात. ही विणकाम-युक्ती इंग्रजांनी तुर्कस्तानात पाहिली, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात यंत्रावर करून मांडली आणि फिरत फिरत ती आपल्याकडे आली.

या वेटोळ्यांचा आणि ड्रायरचा जवळचा संबंध आहे. धुतलेला टॉवेल दोरीवर वाळवला की पापडासारखा का होतो, हा प्रश्न प्रत्येक घरात पडतो. दोष नेहमी साबणाला किंवा बोअरच्या जड पाण्याला दिला जातो, आणि तो थोडाफार खराही आहे. पण जपानी संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं की, सुती धाग्याच्या पृष्ठभागाला चिकटून राहिलेलं थोडंसं पाणी कापड वाळल्यावरही जात नाही आणि गोंदासारखं धाग्याला धागा जोडून ठेवतं. टॉवेल निवांत लोंबकळत वाळला की ही वेटोळी आडवी पडलेल्या अवस्थेतच एकमेकांना चिकटतात. वाळताना तो हलत राहिला, आपटत राहिला, तर त्यांना चिकटायला फुरसत मिळत नाही. म्हणून उन्हाची कमतरता नसलेल्या सोलापुरातही, टॉवेल धुऊन, ब्लीच करून पाठवणाऱ्या कारखान्यांत 'हायड्रो'मध्ये पिळून झाल्यावर टॉवेल मोठ्या पिंपांच्या ड्रायरमध्ये जातात. तिथं ड्रायर वाळवणीला असतोच, पण त्याहून जास्त फुलवणीला असतो. हॉटेलात अंग पुसताना जो मऊपणा गालाला लागतो, तो मागावर अर्धाच तयार होतो.

त्या मोठ्या ड्रायरांत विजेवर तापणारी तार नसते. बॉयलरची वाफ नळ्यांच्या जाळ्यातून फिरते आणि तिच्यावरून जाणारी हवा तापते. तिथंही आजार तोच, 'तापंना'. आणि तिथली कारणंही बघण्यासारखी. वाफ थंड होऊन नळ्यांत पाणी साठतं. ते बाहेर काढणारा ट्रॅप अडकला, तर नळ्या वाफेऐवजी पाण्याने भरतात आणि जाळं कोमट पडतं. बॉयलर पूर्ण दाबाने चाललेला, आणि पिंप गार. दुसरं कारण म्हणजे टॉवेलाचं तूस. नवा टॉवेल पहिल्या धुण्यात अंगातलं इतकं तूस सोडतो की, जाळीवर तासाभरात नमद्यासारखा थर बसतो. तो काढला नाही तर हवा अडते, आणि हवा अडली की धग असून नसल्यासारखी. अण्णांची तीस वर्षं या तुसाशी भांडण्यात गेली होती.

आता ते मावशीच्या यंत्रापुढे मांडी घालून बसले. पहिल्यांदा पिन काढली. मग यंत्र सुरू केल्यावर काय दिसतं ते विचारलं, उघडून काही पाहिलं नाही. "किती दिस झालं उशीर लावायलंय?" मावशी म्हणाली, "उशीर नाही हो, तापतच नाही." अण्णा म्हणाले, "आज तापंना. पण त्याच्या आधी?" तेव्हा मावशीला आठवलं. गणपतीपासून एका तासाचं काम दोन तासांवर गेलं होतं. तिने ते पावसाच्या खात्यावर टाकलं होतं.

या प्रश्नाने निम्मं निदान झालं होतं, ते मला नंतर कळलं. हिटरची तार तुटते ती एका क्षणात. काल ठणठणीत आणि आज गार. पण महिनाभर वेळ वाढत गेली आणि मग यंत्र थंड पडलं, तर ती गोष्ट हवेची असते. घरगुती ड्रायरमध्ये हिटरच्या मार्गात पहारेकरी बसवलेले असतात. एक थर्मोस्टॅट नेहमीचं तापमान सांभाळतो. दुसरा धोक्याची पातळी आली की हिटर तोडतो आणि निवल्यावर पुन्हा जोडतो. काही यंत्रांत त्याला मागच्या बाजूला दाबायचं बटण असतं. आणि सगळ्यांच्या शेवटी एक थर्मल फ्यूज. तो एकदाच मरतो आणि मेला की उठत नाही. हवा नीट वाहत असेल तर हिटरची धग कपड्यांपर्यंत जाते. हवा अडली तर ती हिटरच्या डब्यातच कोंडते. मग दुसरा पहारेकरी पुन्हा पुन्हा तोड-जोड करू लागतो. यंत्र थोडा वेळ तापतं, थोडा वेळ गार पडतं, काम लांबतं. याला आपण 'पाऊस आहे ना' म्हणतो. एक दिवस शेवटचा फ्यूज जातो आणि आपण म्हणतो, हिटर गेला.

अण्णांनी मागचं पत्र्याचं झाकण काढलं, मल्टीमीटर लावला. हिटरच्या दोन टोकांत साडेसव्वीस ओहम. दोन हजार वॉटच्या, २३० व्होल्टच्या कॉइलला एवढाच आकडा यायला हवा. व्होल्टेजचा वर्ग करून वॉटने भागा, घरी बसून ताडून बघता येतं. टोक ते बॉडी तपासलं, काही गळती नाही. मग फ्यूज. मीटरने बीप केलं नाही.

"काकू, हिटर चांगला हाय की. ह्याचा दम कोंडलाय."

नवा फ्यूज त्यांच्या पिशवीत होता, पण तो त्यांनी लगेच बसवला नाही. आधी मागची नळी पाहिली. फरशी पुसताना यंत्र भिंतीकडे सरकलेलं आणि अकॉर्डियनसारखी नळी चेपून अर्धी झालेली. मग बाल्कनीच्या भिंतीतलं भोक पाहिलं. त्यावर काकांनी, चिमण्या आणि पाली आत येऊ नयेत म्हणून, डासांची बारीक जाळी मोठ्या हौसेने बसवली होती. जाळी आता जाळी राहिलीच नव्हती. राखाडी रंगाचा, हाताला मऊ लागणारा, बोटभर जाडीचा नमदा तयार झाला होता. अण्णांनी तो सोलून काढला आणि काकांच्या हातात दिला. घरातले चार नवे सोलापुरी टॉवेल, दोन चादरी आणि न्यू जर्सीहून आलेले नातवाचे पायजमे, सगळ्यांचा वर्षभराचा अर्क.

आतली लिंट फिल्टरची जाळी मावशी न चुकता साफ करत होती. पण तिच्यातून निसटलेलं बारीक तूस पुढे बाहेरच्या जाळीवर बसत होतं, आणि ते कुणालाच दिसत नव्हतं. बाहेरच्या तोंडाला बारीक जाळी कधीही लावू नये. उघडझाप करणारी झडप लावावी. हे पुस्तिकेत लिहिलेलं असतं, पण पुस्तिका कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते.

इथं एका शब्दाबद्दल बोलायलाच हवं. तो शब्द म्हणजे 'डायरेक्ट'. आपल्याकडचा अर्धा दुरुस्ती-व्यवसाय या शब्दावर चालतो. गिझरचा कटआउट गेला, डायरेक्ट. पंपाचा ओव्हरलोड पडतोय, डायरेक्ट. ड्रायरचा थर्मल फ्यूज गेला, पार्ट यायला आठ दिवस, तोवर डायरेक्ट करून देतो. म्हणजे फ्यूजची दोन टोकं वायरीने जोडून टाकायची. यंत्र तत्काळ तापू लागतं, गिऱ्हाईक खूश, पैसे कमी. आणि आत तापलेली तार, कोंडलेली हवा आणि कापसाचं तूस अशी तिघांची एकत्र बैठक बसते, वरचा शेवटचा पहारेकरी मारून. तूस किती पटकन पेटतं हे सोलापूरला शिकवावं लागू नये. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जीव गेले. त्या आगीचा ड्रायरशी संबंध जोडायचा माझा मुळीच हेतू नाही. कापूस आणि धग एका छपराखाली असताना गाफील राहता येत नाही, एवढंच. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० या काळातल्या नोंदींत घरगुती ड्रायरमधून दर वर्षी सुमारे २,९०० आगी लागल्याचं दिसतं, आणि सर्वांत मोठं कारण यंत्राचा दोष नसून साफसफाई न करणं, हे आहे. अण्णांना मी विचारलं, तुम्ही कधी डायरेक्ट केलंय का? ते म्हणाले, "तरुणपणी. एकदाच." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

कपडे ओले राहिले म्हणजे दर वेळी यंत्र तापलंच नाही असंही नसतं. नवीन यंत्रांत ड्रमच्या आत धातूच्या दोन पट्ट्या असतात. ओले कपडे त्यांना टेकले की वीज सहज वाहते, वाळले की अडखळते, यावरून यंत्र किती ओल उरली ते ओळखतं. जड पाण्याचे क्षार आणि कपड्यांच्या सॉफ्टनरचा थर या पट्ट्यांवर बसला की अंदाज चुकतो. यंत्र लवकर थांबतं नाहीतर थांबतच नाही. ओल्या फडक्याने, थोड्या व्हिनेगरने पट्ट्या पुसून घेणं, एवढंच त्याचं औषध. दुसरा प्रकार धुणं-वाळवणं एकत्र करणाऱ्या यंत्रांचा. यांतल्या अनेकांत वाफ बाहेर सोडत नाहीत, गार पाण्याची धार सोडून ती आतच पाणी करून टाकतात. म्हणजे कपडे वाळवायलाही नळाला पाणी हवं. असं यंत्र घेतलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. पाण्याचा दिवस सोडून वाळवायला लावलं की ते एरर दाखवतं. सोलापुरात हे यंत्र कुणी घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही पाणी पाच दिवस जपून वापरायचं आणि ते कपडे वाळवण्यात घालवायचं, हा अन्याय आहे.

हीट पंपाचे ड्रायर आता मिळू लागले आहेत. फ्रिजसारखा कॉम्प्रेसर वापरून ते तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतात आणि निम्म्याच्या आसपास विजेत काम करतात. महाग आहेत, आणि तूस त्यांनाही सोडत नाही. त्यांच्या आतल्या बारीक पात्यांत ते जाऊन बसतं, आणि मग तिथं मिस्त्रीचा हातही पोचत नाही.

अण्णांनी फ्यूज बसवला. डब्यात साठलेलं तूस ब्रशने काढलं. नळी सरळ केली, आणि यंत्र पुन्हा मागे सरकू नये म्हणून भिंतीशी दोन विटा ठेवल्या. बाहेरची जाळी काढून टाकली, तेव्हा काकांचा चेहरा पडला. मग यंत्र सुरू करून अण्णा बाल्कनीत गेले आणि भोकापुढे तळहात धरून उभे राहिले. बराच वेळ. मीटर पिशवीत गेलेला होता. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "वारा." मीही हात धरला. ऊबदार, ओलसर, साबणाचा वास असलेला वारा जोरात तळहातावर आपटत होता. बाहेर पाऊस चालूच होता.

मावशीने आता दोन गोष्टी कॅलेंडरवर लिहायला घेतल्या आहेत, पाण्याचा दिवस आणि नळी तपासायचा दिवस. काकांनी ओएलएक्सवर झडप शोधली, ती मिळाली नाही, मग लोखंड गल्लीतून पत्र्याची करून आणली. चांगली चालते.

तुमच्याकडे असं यंत्र असेल आणि ते तापेना झालं, तर हिटर मागवायच्या आधी मागच्या नळीच्या तोंडाशी हात धरून बघा. वारा येत नसेल तर रोग तिथंच आहे. आणि 'डायरेक्ट करून देतो' म्हणणारा कुणी आला, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.